"कार्ड चालते का?" गावातल्या आईबाबांच्या आरोग्य विम्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी पुण्यात नोकरीला. आईबाबा यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या गावात राहतात. पाच एकर कोरडवाहू, केशरी राशन कार्ड. बाबा ७१ वर्षांचे, बीपीच्या गोळ्या चालू. आई ६३ची, तिला शुगर. गावात सगळे म्हणतात पाच लाखांचं कार्ड आहे, काळजी करू नका. इकडे एजंट म्हणतो मेडिक्लेम घ्या. खरं काय? आणि रात्री-बेरात्री काही झालं तर न्यायचं कुठं?"

तुमचा शेवटचा प्रश्न खरा महत्त्वाचा आहे, म्हणून उत्तर तिथूनच देणार आहे. मी बावीस वर्षं सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक होतो, त्यातली बहुतेक विदर्भात. या पदाचं काम लोकांना फारसं माहीत नसतं. कॅज्युअल्टीच्या बाहेर हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत राशन कार्ड, आधार आणि दहा वर्षांपूर्वीचा एक एक्स-रे घेऊन जो माणूस उभा असतो, त्याला कोणत्या खिडकीवर जायचं ते सांगायचं. या बावीस वर्षांत सर्वात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "साहेब, कार्ड चालते का?"

चालते. पण कुठं आणि कशासाठी, ते दवाखान्याच्या दारात विचारायची वेळ आली की उशीर झालेला असतो.

आधी कार्ड कशाचं ते बघू. २ जुलै २०१२ ला राज्यात राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. विदर्भातले त्यात दोनच होते, अमरावती आणि गडचिरोली. यवतमाळसह बाकी राज्याला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये लागू झाली. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. २०१८ च्या सप्टेंबरात केंद्राची आयुष्मान भारत आली आणि १ एप्रिल २०२० पासून दोन्ही एकत्र चालवायला सुरुवात झाली. तरीही फुले योजनेत कुटुंबामागे वर्षाला दीड लाख आणि आयुष्मानच्या यादीत नाव असेल तर पाच लाख, असा दुहेरी हिशेब होता. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने तो संपवला: पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही राशन कार्ड असलेल्या कुटुंबाला पाच लाख, आणि त्या वेळच्या यादीत १३५६ उपचार. अंमलबजावणी २०२४ मध्ये झाली. आपल्या भागातल्या यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा आणि वर्धा या आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना सातबारा दाखवून आधीपासूनच सवलत होती, त्यामुळे इकडच्या लोकांना हा बदल तितका जाणवला नाही.

म्हणजे तुमच्या आईबाबांना संरक्षण आहे, यात शंका नाही. पण लोकांना हे किती कळतं, त्याचा एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. २०१९ मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे लोक महाराष्ट्रात घरोघर फिरले आणि घरात कुणाला आरोग्य विमा किंवा तशी योजना आहे का, असं विचारलं. शंभरातल्या साधारण वीस घरांनी हो म्हटलं. त्या वेळी दोन कोटींहून जास्त कुटुंबं जीवनदायीत बसत होती! घरात राशन कार्ड होतं, पण तेच विम्याचं कागदपत्र आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता गोष्ट उलटी झाली आहे. पाच लाख सगळ्यांना पाठ आहेत, आणि बऱ्याच जणांना वाटतं की ते पैसे कुठंतरी आपल्या नावावर जमा आहेत. तसं नाही. ती कुटुंबाची मिळून वर्षाची मर्यादा आहे. प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला आहे आणि तो थेट रुग्णालयाला जातो. तुमच्या हातात त्यातला रुपया येत नाही, आणि येऊही नये.

दुसरा घोळ बँकेचा. "आमचा इमा हाय ना, बँकेतून कापते," असं सांगणारे रोज भेटायचे. पासबुक बघितलं की वर्षाला २० रुपये कापलेले दिसतात, नाहीतर ४३६. वीस रुपयांची ती अपघात विमा योजना, चारशे छत्तीसची जीवन विमा योजना. माणूस गेला किंवा अपघातात अपंग झाला तर दोन लाखांपर्यंत मिळतात, ते चांगलंच आहे, पण दवाखान्याच्या बिलाशी त्यांचा संबंध नाही. विदर्भात नुसतं 'विमा' म्हटलं की पीक विमा समजतात, हा तिसरा घोळ. बाबांना फोनवर विचाराल तेव्हा नीट विचारा, नाहीतर ते सोयाबीनचं सांगत बसतील.

आता 'चालते का' म्हणजे नेमकं काय. तीन गोष्टी जुळाव्या लागतात. रुग्णालय योजनेत अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेलं, हवं. त्या रुग्णालयाचा तो विभाग अंगीकृत हवा. आणि तुमचा उपचार यादीत हवा. लोक पहिली विचारतात, दुसरी कुणी विचारत नाही.

आर्णीकडच्या एका बाई मला अजून आठवतात. नवरा बैलबंडीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं. गावातल्या कुणीतरी सांगितलं, शहरातल्या अमुक दवाखान्यात कार्ड चालते. बाहेर योजनेचा बोर्डही होता. खासगी गाडीला साडेचार हजार देऊन नेलं. तिथं कळलं की त्या दवाखान्याला योजना आहे ती किडनीच्या विभागासाठी. हाडाचा डॉक्टर आहे, ऑपरेशनही होतं, पण रोखीने. वीस हजार डिपॉझिट मागितलं. बाईंनी गळ्यातलं काढून दिलं, आणि तिसऱ्या दिवशी पैसे संपल्यावर आमच्याकडे आल्या. आमच्या हाडाच्या वॉर्डात तेच ऑपरेशन योजनेत झालं, रॉड बसवला, बाईंचा एक रुपया लागला नाही. पण तोवर गाडी आणि डिपॉझिट मिळून पंचवीस हजारांच्या आसपास गेले होते. डिपॉझिटची पावती मागितली का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "पावती कायले देतील जी ते, त्यायनं त एका चिठ्ठीवर लिहून देल्लं." त्या चिठ्ठीवर ना दवाखान्याचं नाव होतं ना तारीख, त्यामुळे तक्रारीत काही दम राहिला नाही.

म्हणून फोन. योजनेचा नंबर १५५३८८, दुसरा १८००२३३२२००, दोन्ही फुकट, आयुष्मानचा १४५५५. पण नुसतं "अमुक दवाखाना योजनेत आहे का" असं विचारू नका. विचारा, "हृदयाचा विभाग यवतमाळमध्ये कोणत्या रुग्णालयाला आहे, वर्धा-सावंगीला कुठं आहे, नागपूरला कुठं आहे?" अंगीकृत दवाखाने बदलत राहतात, एखादा वर्षभरात बाहेरही पडतो, म्हणून वर्षातून एकदा तरी ही चौकशी करा. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात योजनेचा आरोग्यमित्र बसतो. त्याची खिडकी बहुतेक ठिकाणी मेन गेटच्या आत, पण थोडी आडबाजूला असते. सगळ्यात आधी त्याला गाठायचं, बिलिंग काउंटरला नंतर.

बाबांना रात्री छातीत दुखलं तर? थेट नागपूर नको. घाटंजीच्या ग्रामीण रुग्णालयात आधी न्या, तिथं ईसीजी निघतो, पहिल्या गोळ्या मिळतात, आणि रेफर करताना सोबत कागद मिळतो. १०८ ची गाडी बोलवा. एक लक्षात असू द्या, १०८ साधारणपणे जवळच्या योग्य सरकारी रुग्णालयात नेते, तुम्ही सांगाल त्या खासगी दवाखान्यात नेईलच असं नाही. लोक चिडतात यावर. मला त्यात काही चूक दिसत नाही. पुढचा टप्पा यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. अँजिओप्लास्टी लागली तर पुढे कुठं, हे वरच्या फोनवर आधीच ठरवून ठेवा: सेवाग्रामचं कस्तुरबा, वर्ध्याजवळचं सावंगी मेघेचं रुग्णालय, नाहीतर नागपूरचं मेडिकलचं सुपर स्पेशालिटी. यवतमाळहून वर्धा-सेवाग्राम साधारण सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, नागपूर त्याच्या दुप्पट. छातीत दुखत असलेल्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे, आणि कोणत्याही कार्डावर तो छापलेला नसतो.

तातडीच्या वेळी कागद नाहीत म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. रुग्णालय आधी तातडीची मंजुरी घेऊन उपचार सुरू करू शकतं आणि कागद मागाहून देता येतात. आरोग्यमित्राला 'इमर्जन्सी मंजुरी घ्या' असं स्पष्ट शब्दांत सांगा. "आधी पैसे भरा, मंजुरी आली की परत देऊ" असं कुणी म्हटलं तर तिथंच उभं राहून १५५३८८ ला फोन लावा, बोलणं बाकीच्यांना ऐकू जाईल असं. भरावेच लागले तर छापील पावती घ्या. तक्रारीसाठी योजनेचा जिल्हा समन्वयक असतो, तो जिल्ह्याच्या ठिकाणीच भेटतो.

भरती झाल्यावर खाट, औषधं, तपासण्या, रक्त, इम्प्लांट आणि पेशंटचं जेवण हे सगळं ठरलेल्या दरातच येतं. सुट्टी होताना पेशंटला घरी जायचं एसटीचं भाडंसुद्धा त्यात आहे. बावीस वर्षांत ते मागणारे दहा-बारा जणच भेटले असतील. रक्कम किरकोळ असते, तरी मागा.

एक बाजू मात्र लोकांना उशिरा कळते. योजना आहे ती भरती होऊन करायच्या उपचारांची, त्यासोबत डायलिसिस आणि केमोसारख्या गोष्टींची. बाबांची बीपीची गोळी, आईची शुगरची तपासणी, हे त्यात येत नाही. पण त्यासाठी वेगळी सोय आहे, आणि ती फारशी कुणाच्या तोंडी नाही: १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत, केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे. राशन कार्डाचा रंग कुणी बघत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याकडे आहेत, ती या निर्णयात नाहीत. तिथं योजनेत बसलात तर मोफत, नाहीतर ठरलेली फी. म्हणून आईची शुगर आणि बाबांचं बीपी गावच्या उपकेंद्रात किंवा पीएचसीतच बघत जा. मेटफॉर्मिन, अम्लोडिपिन तिथं मिळतात. एखाद्या महिन्यात साठा संपलेला असतो, तेव्हा जनऔषधी दुकानातून घ्या. गावची आशाताई कोणत्या वारी ओपीडी असते ते सांगेल. वर्षातून एकदा आईच्या डोळ्यांचा पडदा आणि पायांचे तळवे बघून घ्या. शेतात अनवाणी चालणाऱ्या शुगरच्या बायांच्या पायाच्या जखमा मी इतक्या बघितल्या आहेत की हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

साप चावला, फवारणीचं विष चढलं, तरी पहिली धाव सरकारी दवाखान्याचीच. सापाची लस तिथं फुकट आहे. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने माणसं गेली ते तुम्हाला आठवत असेलच. त्या दिवसांत उशीर होण्याचं एक कारण असं होतं की कित्येक जण आधी गावातल्या डॉक्टरकडे सलाईन लावून घेत बसले.

बाबांचं आणखी एक काम आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या वरच्या सगळ्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाख, आणि घरातले दोघं सत्तरीच्या वर असतील तर त्यांच्यात मिळून. आधार दाखवून सेवा केंद्रात किंवा आयुष्मान ॲपवर निघतं, फुकट. वय आधारवरून धरतात, आणि इथंच गोम आहे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांपैकी निम्म्यांचा आधारवरचा जन्म १ जानेवारीचा असतो आणि सालही अंदाजाने टाकलेलं. बाबा खरे ७१चे असतील आणि आधारवर ६७चे, तर कार्ड निघणार नाही. आधी आधार बघा.

नावांचंही तसंच. राशन कार्डावर 'शालिक', आधारवर 'शालिकराम', मंजुरी अडलीच म्हणून समजा. राशन कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर पडलेला आहे का, आईचं नाव त्यात आहे का, आधार जोडलेलं आहे का, हे राशन दुकानदाराच्या मशीनवर पाच मिनिटांत दिसतं.

आता मेडिक्लेम. एजंट सांगेल तेवढी घाई करू नका. बाबांसाठी मी घेणार नाही. ७१ व्या वर्षी हप्ता जबर असतो आणि ज्येष्ठांच्या अनेक पॉलिसींत बिलाचा काही टक्के भाग आपल्याच खिशातून जातो. बाबांना आणि आईला एकाच फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे दोघांना मिळून एका पॉलिसीत, टाकलं तर हप्ता सर्वात मोठ्या वयावर ठरतो, म्हणजे आईपायीही बाबांच्या वयाचे पैसे भरायचे. त्यापेक्षा तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा, ज्यातून गावातला विश्वासाचा माणूस रात्री दोन वाजता गाडीभाडं काढू शकेल. कार्ड असूनही घरं कर्जात जातात ती बहुतेक गाडी, सोबत राहणाऱ्याचं खाणं-राहणं, बुडालेली मजुरी आणि बाहेरून आणलेल्या तपासण्या यांमुळे.

आईसाठी घ्यायचं तर विचार करण्यासारखं आहे, खासकरून तुमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत पालकांना घेता येत असेल तर आधी तेच बघा, तिथं जुन्या आजाराची वाट बघावी लागत नाही असं बऱ्याचदा असतं. स्वतंत्र पॉलिसी घेतलीत तर शुगर आहे हे फॉर्ममध्ये स्वच्छ लिहा. एजंट "लिहू नका, हप्ता वाढेल" म्हणतो आणि क्लेमच्या दिवशी तो फोन उचलत नाही. २०२४ च्या नियमांप्रमाणे आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, आणि सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिली की फसवणूक सोडून दुसऱ्या कारणाने माहिती लपवल्याचा ठपका ठेवून क्लेम नाकारता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे, जुना कोट कुणी दाखवला तर हे लक्षात ठेवा. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा वाचा, आणि 'रुग्णालय' या शब्दाची व्याख्या तर नक्कीच वाचा. तालुक्याच्या ठिकाणी नोंदणी नसलेल्या पाच खाटांच्या दवाखान्यात भरती झालेल्यांचे क्लेम तिथंच अडकतात. पुण्यात बसून पॉलिसी घेणाऱ्याच्या हे डोक्यातही येत नाही. कॅशलेसची, म्हणजे आधी पैसे न भरता उपचार मिळणाऱ्या रुग्णालयांची यादी उघडून यवतमाळ जिल्ह्यात किती नावं आहेत ते मोजा, मग सही करा.

हे वाचणारे गडचिरोली-मेळघाटातले असतील तर त्यांच्यासाठी थोडं वेगळं. सिरोंच्याची माणसं उपचाराला गोदावरीपलीकडे तेलंगणात जातात, धारणीची माणसं मध्य प्रदेशात बऱ्हाणपूर-खंडव्याला. त्यांना नागपूर-अमरावती लांब पडतं, त्यात त्यांची काय चूक? पण आयुष्मानच्या यादीत नाव असेल तर परराज्यात कार्ड चालतं. फक्त फुले योजनेत असलेल्यांना साधारणपणे राज्यातलंच अंगीकृत रुग्णालय धरावं लागतं. तुम्ही कोणत्या यादीत आहात हे कार्ड काढतानाच विचारून घ्या.

आता जरा आडवाटेची गोष्ट. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने, डॉ. उल्हास जाजूंच्या पुढाकाराने, १९८० च्या आसपास भोवतालच्या गावांत एक विमा सुरू केला होता. हप्ता ज्वारीत. सुगी झाली की घरागणिक ऐपतीप्रमाणे ज्वारी गोळा व्हायची, आणि गावातल्या बहुतेक घरांनी भाग घेतला तरच गाव योजनेत यायचं. अचानकचं आजारपण मोफत, आणि बाळंतपणासारख्या आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींसाठी थोडा वाटा पेशंटचा. तिथं "कार्ड चालते का" असा प्रश्न कुणाला पडत नसे, कारण दवाखाना एकच आणि तो सगळ्यांच्या ओळखीचा. आजच्या योजनेचा पसारा त्याच्या हजारपट मोठा आहे, ती ओळख मात्र आपल्याला फोन करून करून तयार करावी लागते.

योजनेत न बसणारा उपचार निघाला तर दोन दारं उरतात. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो आजारपण नसताना काढून ठेवा. दुसरं दार मुख्यमंत्री सहाय्यता निधीचं, त्याला रुग्णालयाचं अंदाजपत्रक जोडावं लागतं.

तुम्ही दिवाळीला गावी जाणार असाल तर पहिल्याच दिवशी राशन कार्ड आणि दोघांचं आधार शेजारी ठेवून नावं आणि जन्मसाल ताडून बघा. राशन कार्डात चूक निघाली तर सकाळी दहाच्या आत घाटंजी तहसीलला जा, कारण कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारनंतर तिथल्या पुरवठा शाखेत कुणी भेटत नाही. आणि १०८ नि १५५३८८ हे दोन नंबर मोबाईलमध्ये नको, दाराच्या मागे खडूने मोठ्या अक्षरात लिहून या. आईला चष्म्याशिवाय वाचता येतील एवढे मोठे.